धाडसाच्या पलीकडे: पनाहींच्या सव्वा तासावर लिहिताना

इराणी दिग्दर्शक जाफर पनाहींच्या 'दिस इज नॉट अ फिल्म' या चित्रपटावर (2011) लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत 'धाडस' हा शब्द येतो. धाडस आहेच. डिसेंबर 2010 मध्ये इराणच्या न्यायालयाने त्यांना 6 वर्षांचा तुरुंगवास सुनावला, वर 20 वर्षांची बंदी: चित्रपट करायचा नाही, पटकथा लिहायची नाही, मुलाखत द्यायची नाही, देश सोडायचा नाही. अपिलाचा निकाल यायचा असताना तेहरानमधल्या राहत्या घरात हे चित्रण झालं. पण एवढंच लिहून थांबलं तर ती बातमी होते. केकमध्ये लपवून फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला पोचलेल्या पेन ड्राइव्हची गोष्टही अशीच, सगळा लेख खाऊन टाकते. तिला एक ओळ पुरे.

त्यापेक्षा चित्रपट पहिल्यांदा नुसता बघा आणि दुसऱ्यांदा बघताना कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मनाई, उजवीकडे त्या क्षणी पनाही काय करताहेत ते. चित्रपटाची रचना या दोन रकान्यांत आहे, असं माझं ठाम मत आहे. पटकथा लिहायला बंदी आहे, पण आधीच लिहिलेली वाचायला किंवा अभिनय करायला शिक्षेत कुठे मनाई केलेली नाही, हे ते स्वतःच कॅमेऱ्यासमोर सांगतात. कॅमेरा त्यांचे माहितीपटकार सहकारी मोज्तबा मिर्तहमास्ब यांच्या हातात. मध्येच पनाही सवयीने 'कट' म्हणतात, तर मिर्तहमास्ब त्यांना अडवतात: तुम्ही दिग्दर्शन करत नाही आहात, तो गुन्हा आहे. हसू येतं, आणि कायदा दिवाणखान्यात कुठवर शिरलाय तेही कळतं.

सगळ्यात जास्त जागा गालिच्याच्या प्रसंगाला द्या. पटकथेतल्या मुलीला कलाशाखेत प्रवेश मिळालाय आणि घरच्यांनी तिला कोंडून ठेवलंय. पनाही गालिच्यावर चिकटपट्टी लावून तिची खोली आखतात, दार-खिडकी कुठे ते दाखवतात आणि वाचू लागतात. रंगात येता येता थांबतात. चित्रपट नुसता सांगता येत असता तर तो करायचा कशाला, असा त्यांचा सवाल. मग ते स्वतःच्या जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी लावतात आणि दाखवतात, की नवख्या नटाने ऐन वेळी जे केलं किंवा जागेतल्या उभ्या रेषांनी जो ताण आणला, तो कागदावर नव्हताच. बंदीने नेमकं काय हिरावलं याचं इतकं काटेकोर उत्तर कुठल्याही निषेधपत्रात सापडणार नाही. हा भाग दोन वाक्यांत उरकला तर लेख पोकळ राहतो.

घरातला पाळीव इग्वाना (मोठा सरडा) पुस्तकांच्या कपाटावर चढतो, तिथे बहुतेक जण घसरतात. लगेच 'कैदेचं प्रतीक' म्हणायची घाई नको. तो किती सावकाश चालतो, कुठे अडतो, ते आधी लिहा; अर्थ वाचकाला लावू द्या.

कॅमेरा कुणाच्या हातात आहे, याची नोंद मात्र शेवटपर्यंत सोडू नका. आधी मिर्तहमास्ब, मध्ये पनाहींचा मोबाइल, आणि मिर्तहमास्ब निघाल्यावर खुद्द पनाही, कचरा गोळा करणाऱ्या तरुणामागे लिफ्टमध्ये शिरलेले. खाली फाटकाबाहेर चहारशंबे सूरीच्या, म्हणजे इराणी नववर्षाआधीच्या अग्नी-सणाच्या, जाळांचा उजेड आहे, आणि तो तरुण बजावतो की कॅमेरा घेऊन बाहेर येऊ नका, दिसाल. उजव्या रकान्यातली ही सर्वांत मोठी नोंद, कारण इथे पळवाट उरलेली नाही. ते सरळ चित्रण करताहेत.

श्रेयनामावलीही बघा. तिथे 'यांचा चित्रपट' असं न म्हणता 'यांचा प्रयत्न' म्हटलंय आणि आभारातली नावं कोरी ठेवली आहेत. 2011 च्याच सप्टेंबरमध्ये मिर्तहमास्ब यांनाही अटक झाली. कोऱ्या जागांबद्दल लिहाल तिथेच, त्याच परिच्छेदात, ही तारीख द्या.