तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सर, यात सम कुठे आहे?’

सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथून आवर्तन, म्हणजे तालाची फेरी, पुन्हा सुरू होते. ती कुठे, हे माझ्या तबल्याच्या क्लासची मुलं विचारतात, त्यांना न्यायला आलेले पालक विचारतात, एकदा तर ज्यांच्या साथीला बसलो होतो त्या गायकांनीही विचारलं. निमित्त नेहमी एकच: माझ्या फोनवर लागलेला ‘बाबी’ हा अल्बम.

उत्तर सरळ आहे. सम नाही. लपलेली नाही, नाहीच. ‘कान तयार झाला की सापडते’ म्हणणारे रसिक भेटतात. त्यांना मी टाळी देऊन दाखवा म्हणतो.

‘बाबी’ हा मिलफर्ड ग्रेव्हज या न्यूयॉर्कच्या ड्रमरचा फ्री जॅझ, म्हणजे ठरलेल्या ताला-चालीला न बांधलेल्या जॅझचा, अल्बम. मार्च १९७६ मध्ये लोकांसमोर वाजवलेला, १९७७ मध्ये निघालेला. सोबत आर्थर डॉइल आणि ह्यू ग्लव्हर, दोघेही फुंकून वाजवायच्या वाद्यांवर. बास नाही, पियानो नाही.

पहिल्यांदा ऐकताना मीही मांडीवर तीनताल धरला होता. दुसऱ्या आवर्तनाची खाली (जिथे टाळी देत नाहीत ती मात्रा) येईतो ग्रेव्हज कुठच्या कुठे गेले होते. म्हटलं झपताल असेल. तोही नव्हता. चिडून बंद केलं.

परत लावलं ते वर्षभराने, एका सोलोच्या तयारीत असताना. तबलजी सोलोत कितीही मोकळा सुटला तरी शेजारी लेहरा चालू असतो. पेटीवाला बिचारा तीच सोळा मात्रांची सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत, धरून बसतो, म्हणून आपल्याला उड्या मारता येतात. आणि साथीला बसलो की ते धरून ठेवणं आपल्याकडे येतं. जॅझमध्येही ड्रमर बहुतेक काळ हेच करत आला: बाकीच्यांसाठी हिशेब सांभाळणं. ‘बाबी’त कुणीच लेहरा धरत नाही. ज्याच्या नावावर अल्बम आहे तो ड्रमरही नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या मात्रा मोजणाऱ्या माणसाला हे ऐकून काय होतं, ते तबल्याला बसल्याशिवाय कळायचं नाही. मला आधी भीती वाटली, हे कबूल करतो.

ग्रेव्हजना तबला परका नव्हता. साठच्या दशकात ते तो शिकले होते. त्यांनी ड्रमची खालची कातडी काढून टाकली, स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला कडक आवाजाचा ड्रम, बाजूला ठेवला. त्यामुळे आवाज फाटका, सपाट न राहता वाकतो, घसरतो. डग्ग्यावर मनगट दाबून घिस्सा काढणाऱ्याला तो लगेच ओळखीचा वाटतो. मध्येच ते स्वतः ओरडतात, गातात. डॉइल यांचा सॅक्सोफोन मात्र मला अजून सलग झेपत नाही. किंचाळतो तो. एका बैठकीत अख्खा अल्बम ऐका, असं मी कुणाला सांगणार नाही.

मग मोजायचं कशाने? ग्रेव्हजनी याचा शोध छातीत घेतला. हृदयाचे ठोके ते अनेक वर्षं ध्वनिमुद्रित करून अभ्यासत होते. २००० मध्ये त्यांना गुगेनहाइम ही अमेरिकन फेलोशिप मिळाली, तिचा उपयोग त्यांनी या कामासाठी केला. ठोका मेट्रोनोमसारखा, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्रासारखा, समान पडत नाही, हा त्यांचा मुद्दा. २०१८ मध्ये त्यांना हृदयाचाच दुर्धर आजार निघाला. त्यानंतरही ते स्वतःचं हृदय ऐकत राहिले. २०२१ च्या फेब्रुवारीत गेले.

परवा एका विद्यार्थ्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्याला मनगटावर बोट ठेवून नाडी धरायला सांगितली, आणि श्वास सावकाश घ्यायला, सावकाश सोडायला. थोड्या वेळाने म्हणाला, ‘सर, श्वास सोडताना मात्रा लांबतेय.’

म्हटलं, आता लाव.

सहा-सात मिनिटं ऐकलं त्याने. मग म्हणाला, आपला तालातला कायदा वाजवायला घेऊया का?