थंड पाण्यात मुटकुळं: कयाकची वही, नोंद चौथी

या वेळी रोलची, म्हणजे उलटलेली कयाक (ही अरुंद होडी) आत बसूनच सरळ करण्याची, प्रगती लिहायची होती. ती शून्य आहे, म्हणून विषयच बदलतो. कयाक उलटली, हातची गेली, तर कुणी येईपर्यंत पाण्यात करायचं काय, याचा सराव आम्ही तिघांनी या महिन्यात केला.

जागा टोरांटोचा चेरी बीच. हवा १८ अंश, लख्ख ऊन, आणि ओंटारिओ सरोवराचं पाणी माझ्या थर्मामीटरवर ९. मे महिन्यातला चकवा हाच. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगानं अंगातली ऊब ओढतं हे वाचलेलं असतं, पण ते पाणी वेटसूटच्या गळ्यातून पाठीवर उतरलं की खरं पटतं.

मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्ट यांचं थंड पाण्यात पडल्यावरचं १-१०-१ आता पाठ आहे: १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. सगळे त्या तासाला घाबरतात. मला विचाराल तर भीती पहिल्या मिनिटाची. श्वास नुसता आत जातो, बाहेर यायचं नाव घेत नाही. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पुढचं गणित मांडायलाच नको. त्या मिनिटात लाइफ जॅकेट तरंगवतं, आपण फक्त फुंकर घातल्यासारखा श्वास सोडत राहायचं.

मग मुटकुळं. व्हिक्टोरिया विद्यापीठात जॉन हेवर्ड यांनी अभ्यासलेली ही ‘हेल्प’ (हीट एस्केप लेसनिंग पोश्चर), म्हणजे ऊब कमी जाऊ देणारी स्थिती. ऊब जास्त जाते ती मान, काखा, बरगड्यांच्या बाजू आणि जांघांतून. म्हणून कोपरं बरगड्यांना चिकटवायची, गुडघे छातीशी घ्यायचे, मान पाण्याबाहेर. किनारा अगदी हाताशी नसेल तर पोहायचं नाही. हातपाय मारले की रक्त तिकडे धावतं आणि अंगालगत जेमतेम कोमट झालेलं पाणीही निघून जातं.

चित्रात सोपं दिसतं. मी गुडघे वर घेतले आणि जॅकेट हनुवटीपर्यंत चढलं, मी कलंडलो. कयाकच्या जॅकेटमध्ये फोम कमी, तोल लगेच जातो. जांघेखालून पट्टा शिवून घ्यायचा मोह झाला, पण जॅकेटला सुई लावायची नाही. कमरेचे पट्टे काठावरच आवळले, घोट्यांची अढी घातली, गुडघे झेपतील तेवढेच वर घेतले, तेव्हा कुठे जमलं. पहिल्या रविवारी ३ मिनिटं, दुसऱ्या रविवारी ६.

तिसऱ्या रविवारी तिघांनी गठ्ठा केला: खांद्यांवर हात, छात्या जवळ, दहीहंडीच्या खालच्या थरासारखे. मी चुळबुळ केली तर वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, हलू नका हो, माझं कोमट पाणी चाललं!” ११ मिनिटं झाली.

(हे सगळं कमरेएवढ्या पाण्यात, आणि चौथा माणूस काठावर घड्याळ घेऊन. एकट्यानं अजिबात नाही.)

बाहेर आल्यावर थर्मासचं झाकण उघडेना. बोटं दिसत होती, पण माझी वाटत नव्हती. त्या ११ मिनिटांनंतर मदतीला बोलवायच्या शिट्टीची दोरी तरी सोडता आली असती का कोण जाणे. म्हणून शिट्टी आता खिशात नाही, खांद्याच्या पट्ट्यावर, तोंड वळवलं की ओठांना लागेल अशी. आणि थर्मास काठावरच्या माणसाकडे, झाकण सैल करून.