चिकटलेली बाहुली सोडवताना

ओपीडी संपत आली तेव्हा तिशीच्या आतला एक ट्रॅक्टरचालक आला. उजवा डोळा लाल, त्यावर हात. ट्यूबलाइटचा उजेडसुद्धा सोसत नव्हता. ‘डोळे आलेत’ असं समजून पाच दिवस औषधाच्या दुकानातून आणलेले अँटिबायोटिकचे थेंब चालू होते. पण चिपडं नव्हती, सकाळी पापण्या चिकटत नव्हत्या. डोळे येतात तेव्हा लाली पापण्यांच्या बाजूला जास्त असते आणि नजर सहसा शाबूत राहते. इथे लाली बुबुळाभोवती कड्यासारखी, जांभळट होती आणि नजर ६/२४ वर आली होती, म्हणजे निरोगी डोळ्याला चोवीस मीटरवरून दिसेल ते अक्षर याला सहा मीटरवरून दिसत होतं.

स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, चित्र स्पष्ट झालं. डोळ्याच्या पुढच्या पोकळीत सुजेच्या पेशी भरपूर (३+), कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या बाजूला खाली बारीक पांढरे ठिपके, आणि बाहुली लहान, वेडीवाकडी. हा आयरायटिस, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला, आयरिसला, आलेली सूज. सुजलेल्या आयरिसमधून प्रथिनं आणि फायब्रिन झिरपतं, आकसलेल्या बाहुलीची कड मागच्या भिंगाला टेकलेलीच असते, आणि तिथे ती डिंक लावल्यासारखी धरते. सुरुवातीचे दिवस हा चिकटा मऊ असतो. नंतर त्यात तंतू धरले की थेंबांनी काही होत नाही. कड सगळीकडून चिकटली, तर मागचं पाणी पुढे येत नाही, आयरिस फुगून पुढे ढकलला जातो आणि डोळ्याचा दाब चढतो. याच्या डोळ्याचा दाब १२, म्हणजे सामान्य होता, म्हणजे वेळ हातात होती.

स्टेरॉइड देण्याआधी फ्लुरोसीनने, म्हणजे व्रण उठून दिसावा म्हणून वापरतात त्या रंगाने, कॉर्निया रंगवून पाहिला. हर्पीसचा व्रण असेल तर त्यावर स्टेरॉइडचे थेंब टाकणं घातक. व्रण नव्हता. रक्तदाबही मोजला, कारण बाहुली मोठी करून चिकटलेली कड सोडवणारं फेनिलेफ्रिन तो चढवतं. त्यातही १०% चा थेंब रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णाला देऊच नये. मग भुलीचा एक थेंब टाकला. त्याने पुढची औषधं आतही चांगली शिरतात. त्यानंतर ट्रॉपिकामाइड (हेही बाहुली मोठी करतं) ०.८% आणि फेनिलेफ्रिन ५% चे एकत्रित थेंब, दर दहा मिनिटांनी, तीन वेळा. मध्ये मिटलेल्या पापणीवर कोमट शेक.

अर्ध्या तासाने वरची बाजू छान उघडली, पण खाली, बाहुली घड्याळाची तबकडी मानली तर चार ते आठच्या दरम्यान, तीन जागी कड अडून राहिली. तेव्हा निर्जंतुक कापसाचा बारीकसा बोळा त्याच थेंबांत भिजवून खालच्या पापणीच्या खोबणीत, चिकटलेल्या भागाच्या अगदी जवळ, पंधरा मिनिटं ठेवला. थेंब अश्रूंबरोबर वाहून जातो, बोळा औषध जागेवर धरून ठेवतो. बोळा काढला तेव्हा दोन ठिकाणं सुटलेली, आणि भिंगावर त्या जागी तपकिरी रंगाचे ठसे. सहाच्या जागचं तिसरं मात्र हलेना. तिथे कंजंक्टायव्हाखाली (डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पापुद्र्याखाली) सुईने ॲट्रोपिन, ॲड्रिनलिन आणि भुलीच्या औषधाचं मिश्रण दिलं, ०.३ मिली. यानंतर छातीत धडधडतं, म्हणून त्याला झोपवून नाडी पाहत राहिलो. तासाभरात बाहुली पूर्ण गोल झाली. मग मागचा पडदाही तपासता आला. तिथे सूज नव्हती.

घरी प्रेडनिसोलोन ॲसिटेट १%, जागेपणी दर तासाला. बाटली दर वेळी नीट हलवायची, कारण औषध तळाशी बसतं आणि न हलवता टाकलं तर रुग्ण नुसतं पाणीच टाकत राहतो. ही चूक फार होते. दुसरी चूक म्हणजे लाली गेली की औषध बंद करणं. सूज उलटते. मात्रा साधारण सहा आठवड्यांत उतरवायची आणि मध्ये दाब तपासत राहायचं, कारण स्टेरॉइडनेही तो वाढतो. बाहुली मोठी ठेवायला ॲट्रोपिन १% पहिले दोन-तीन दिवसच, पुढे त्याहून सौम्य होमॅट्रोपिन २%. बाहुली ताणलेल्या अवस्थेत स्थिर राहिली तर तशीच चिकटू शकते. ती थोडी हलती हवी. तोवर ट्रॅक्टर बंद, कारण जवळचं अंधुक दिसतं आणि ऊन डोळ्यांत शिरतं.

शेवटी कंबरेबद्दल विचारलं, कारण या आजाराचं मूळ कधी मणक्याच्या संधिवातात असतं. पहाटे कंबर आखडते, तासभर सरळ होता येत नाही, कामाला लागलं की मोकळी होते. हे दोन वर्षांपासून चालू होतं, तो ट्रॅक्टरचे धक्के समजत होता. क्षय आणि सिफिलिस (गर्मी) नाही ना हे पाहायला छातीचा एक्स-रे, मांटू, व्हीडीआरएल, आणि यांबरोबर माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा एक्स-रे आणि एचएलए-बी२७ ही या संधिवाताशी जोडलेल्या जनुकाची रक्तचाचणी सांगितली. ती चाचणी पॉझिटिव्ह आली आणि त्याला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. हा आजार पुन्हा उलटतो, कधी या डोळ्यात, कधी त्या. म्हणून त्याच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: डोळा लाल आणि उजेड टोचतोय, तर थेंब विकत न घेता त्याच दिवशी यायचं.