ही ती नव्हे

सोमवार, रात्री साडेअकरा

झोप येत नव्हती म्हणून जुनी मालिका लावली आणि होती ती झोपही घालवून बसले. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेचे जानेवारी १९७० मधले चार भाग. ही मालिका रंगीत झाली ती इथपासून. बीबीसीच्या स्टुडिओत तेव्हा संप चालू होता, त्यामुळे चित्रण सगळं बाहेर जाऊन फिल्मवर केलं. त्याचा फायदाच झालाय. खरे रस्ते, खरे कारखाने, ढगाळ सकाळचा मळका उजेड. रंगवलेल्या पडद्यापुढे जे हसू आलं असतं ते इथे येत नाही.

गोष्ट अशी: आकाशातून उल्कांसारखे गोळे पडतात. आत यंत्र नाही, जनावर नाही, नुसती एक जाणीव. तिला स्वतःचं अंग नाही, पण प्लास्टिकमध्ये ती शिरू शकते. मग बाहुल्या बनवणारा एक कारखाना ती ताब्यात घेते आणि तिथे दोन तऱ्हेचा माल निघू लागतो. एक, कपड्यांच्या दुकानात उभे असतात तसे पुतळे. हे शिपाईगडी. दुसरे मोठमोठ्या अधिकाऱ्यांचे हुबेहूब तोतये. ते मेणाच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनात, मादाम तुसादमध्ये, दिवसाढवळ्या उभे करून ठेवलेले. लपवायची जागा मात्र फार विचारपूर्वक निवडलीय. तिथे येणारा प्रत्येक जण 'काय हुबेहूब आहे!' म्हणून शाबासकीच देऊन जाणार.

पहाटे रस्त्याकडेच्या काचेमागचे पुतळे जागे होतात तो प्रसंग प्रसिद्ध आहे. काच फुटताना दिसत नाही, फक्त खळ्ळकन आवाज येतो. खरी काच फोडणं परवडण्यासारखं नव्हतं. पुतळा हात पुढे करतो, बोटांच्या मुळाशी पंजा बिजागरीसारखा खाली पडतो आणि आत बंदुकीची नळी. लहान असते तर पलंगाखाली गेले असते. आता दहा मिनिटांत सवय झाली. गुळगुळीत चेहरा, ताठ चाल. शत्रू लांबून ओळखू येतोय, मग भीती कसली? पळायचं.

पण एक साधा प्रसंग आहे. सेनापती आपल्या घरी आहे. दार वाजतं. तो उघडतो. दारात तोच उभा.

एवढंच. बंदूक नाही, काच नाही. तिथे मी टीव्ही बंद केला.

मंगळवार

ऑफिसातून येताना डोक्यात तेच. संध्याकाळी वाचत बसले. योगायोग पाहा, त्याच १९७० साली टोकियोच्या तंत्रज्ञान संस्थेतले रोबोशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी 'एनर्जी' नावाच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं तसतसं ते आपल्याला आवडत जातं. पण अगदी माणसाच्या जवळ आलं, थोडंसंच कमी पडलं, की आवड एकदम कोसळते आणि अंगावर शहारे येतात. आलेख काढला तर तिथे खोल दरी दिसते. आणि वस्तू हलणारी असेल तर दरी आणखी खोल.

मोरींचं उदाहरण कृत्रिम हाताचं आहे. लांबून खराच वाटतो, हस्तांदोलन केलं की तो गार आणि बिनहाडाचा लागतो. ओसाकाच्या त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनातल्या रोबोबद्दलही त्यांनी लिहिलंय. चेहऱ्यात कृत्रिम स्नायूंच्या २९ जोड्या, माणसासारखं हसण्यासाठी. हसण्याचा वेग निम्मा केला आणि तेच हसू भेसूर झालं. ओठ तेच, दात तेच, फक्त उशीर. (आमच्या ऑफिसातल्या एका साहेबांचं हसू मला का सहन होत नाही, ते आज कळलं.)

आणि लेखात एका कारागिराची कल्पना आहे. मध्यरात्री त्याला जाग येते, तो खाली आपल्या कारखान्यात काहीतरी शोधायला उतरतो, सभोवती पुतळ्यांची गर्दी. ते पुतळे हलू लागले तर! म्हणजे तिकडे इंग्लंडात एका मालिकेत पुतळे रस्त्यावर उतरले त्याच वर्षी इकडे जपानात एका प्राध्यापकाला तेच दिसत होतं. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार.

बुधवार

आज फार लिहायचं नाही, डोकं दुखतंय. पण एक राहवत नाही.

आकाशातून उतरून माणसाचं रूप घेऊन माणसांत बसण्याची गोष्ट आपण कितीतरी आधी ऐकलेली आहे. दमयंतीचं स्वयंवर. इंद्र, अग्नी, वरुण, यम, चौघंही नळाचं रूप घेऊन सभेत बसले. समोर पाच नळ. हंसाकडून ज्याचं वर्णन ऐकून जीव लावला तो यातला कोणता? लहानपणी आजीने सांगितलं तेव्हा मला ते कोड्यासारखं वाटलं होतं आणि उत्तरही फार आवडलं होतं. देवांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांना घाम येत नाही, गळ्यातली फुलं कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत, सावली पडत नाही. नळ मात्र धुळीने माखलेला, घामेजलेला, सुकलेल्या माळेचा, पापण्या मिटणारा. जो मळलाय तो आपला.

पण आज मूळ कथा पुन्हा पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरली. दमयंतीने या खुणा हुशारीने पकडल्या नाहीत. तिला आधी पाचही सारखेच दिसले. खुणा माहीत होत्या, दिसत नव्हत्या. मग तिने हात जोडून देवांनाच विनवलं, माझ्या सत्याची आण, तुमचं रूप प्रकट करा. त्यांना दया आली, तेव्हा कुठे घाम आणि सावली यांतला फरक दिसू लागला.

म्हणजे तोतयांनी सभ्यपणा दाखवला म्हणून सुटली बिचारी. भाऊसाहेबांच्या तोतयाचं तसं झालं नाही. १७६१ ला पानिपतावर भाऊ पडले आणि १७७६ ला त्या तोतयाला देहदंड झाला. मधली पंधरा वर्षं शंका पुरली माणसांना.

शुक्रवार, रात्री उशिरा

काल लिहिलं नाही. कारण हे सगळं कुठे निघालंय ते मला सोमवारीच कळलं होतं, त्या दारातल्या सेनापतीपाशी. तीन दिवस मी रोबो आणि दमयंती करत टाळाटाळ करत होते.

काकांना लेवी बॉडी डिमेन्शिया झाला होता, म्हणजे विसरणं आणि भास दोन्ही होणारा मेंदूचा आजार. आधी त्यांना संध्याकाळी खोलीच्या कोपऱ्यात मुलं बसलेली दिसायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. उलट ते त्यांना गणितं घालत. जन्म शिकवण्यातच गेला होता. मग एके दुपारी काकू गोळी आणि पाणी घेऊन आली आणि काका म्हणाले, "ठेवा तिथे. ती आली की घेईन."

ठेवा. छत्तीस वर्षं 'अगं' आणि 'तू' केलेल्या बायकोला ते 'तुम्ही' म्हणाले. अगदी आदबीने, परक्या बाईशी बोलावं तसं. काकूला आधी गंमत वाटली. नंतर नाही.

याला नाव आहे, काप्ग्रा सिंड्रोम. जोसेफ काप्ग्रा आणि रेबूल-लाशो या दोघा फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ साली एका बाईची हकीकत लिहिली. तिचं म्हणणं, आपली माणसं पळवून नेली आणि जागी हुबेहूब तोतये आणून ठेवले. १९९० मध्ये एलिस आणि यंग यांनी जो खुलासा मांडला तो मला पटतो. चेहरा ओळखण्याचं काम मेंदूत नीट चालू असतं, पण आपलं माणूस दिसल्यावर आत जी ऊब उमटते तिची वाट तुटलेली असते. डोळे म्हणतात तीच, आतून काही येत नाही. मग मेंदूने काय समजायचं? कोणीतरी फार चांगली नक्कल केलीय, एवढंच उरतं.

जॅक फिनीची १९५४ साली 'कॉलियर्स'मध्ये क्रमशः आलेली परग्रहवासीयांची कथा इथूनच सुरू होते. एक बाई म्हणते, हे माझे काका नव्हेत. दिसणं, बोलणं, आठवणी, सगळं जिथल्या तिथे, फक्त माया नाही. तिथे ती बाई बरोबर असते. अशा प्रत्येक गोष्टीत शंका घेणारा बरोबरच असतो, त्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही. जिच्यावर शंका घेतली आणि जी खरीच आहे, तिची गोष्ट कोणी लिहीत नाही.

काकूने सगळं करून पाहिलं. काकांनी तिची परीक्षाही घेतली, मास्तरच ते. "आपल्या लग्नात मांडवात कोण घसरून पडलं होतं?" काकूने नाव सांगितलं, कुठे लागलं तेही सांगितलं. काका जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिने सांगितलं असेल तुम्हाला." मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता तो तिने दाखवला. काकांनी तिचा हात उजेडात धरला, चष्मा वर करून उत्तरपत्रिका तपासावी तसा तो डाग बघितला, अंगठ्याने घासून पाहिला.

"हुबेहूब केलंय," म्हणाले. कौतुकानेच म्हणाले.

त्या दिवशी काकूला घामही आला होता, पापण्याही लवत होत्या, सावली चांगली भिंतीपर्यंत गेली होती.

आणि मी काय केलं? काकांनी मला गॅलरीत नेलं, दार लोटून घेतलं. "तू तरी तीच आहेस ना?" मी घाईघाईने हो म्हटलं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, ही बाई चांगली आहे, स्वच्छ आहे, पण काकू कुठे आहे ते सांगत नाही. तक्रार द्यायला हवी. डॉक्टरांनी बजावलं होतं की वाद घालू नका, म्हणून मी म्हटलं, "हो काका, बघते मी." दार उघडलं तर काकू समोर, हातात वाळलेले कपडे. ती काही बोलली नाही. कपडे घड्या करत बसली. माझं ते 'हो' मला अजून टोचतं. डॉक्टरांचं बरोबर होतं, माझंही चुकलं नव्हतं, तरी.

मग एक दिवस काकूने आतून हाक मारली, "अहो, गोळी घेतली का?" आणि बाहेरून उत्तर आलं, "अगं, ती बाहेरची बाई देत होती. मी नाही घेतली. तू ये."

अगं! काकू दोन मिनिटं तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

आवाजाची वाट शाबूत होती. रामचंद्रन आणि हर्स्टिन यांनी १९९७ मध्ये अपघातातून वाचलेल्या एका तरुणाबद्दल लिहिलंय, समोर आलेली आई त्याला तोतया वाटायची, फोनवर मात्र ती आईच असायची. काकूने ते वाचलं नव्हतं. तिने आपली आपण पद्धत बसवली. लांबूनच बोलायला सुरुवात करायची आणि बोलत बोलत त्यांच्या खुर्चीच्या मागून यायचं. खांद्यावर हात ठेवायचा, गोळी पुढे करायची, समोर जायचं नाही. मान वळवून काकांनी बघितलं की संपलं, लगेच 'तुम्ही'. कधी कधी पंधरा मिनिटं मिळायची. भांडायचेसुद्धा तेवढ्यात.

काका गेले त्याच्या महिनाभर आधीची संध्याकाळ. मी तिथेच होते. वीज गेली. मिट्ट काळोख झाला आणि काका घाबरून म्हणाले, "अगं, आहेस ना इथे?" काकू त्यांच्या अगदी समोर होती. "आहे की," म्हणाली आणि जवळ सरकली. काका बोलायला लागले, कुठल्या तरी जुन्या प्रवासाचं, चुकलेल्या गाडीचं, आणि ती मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होती. मी चाचपडत मेणबत्ती आणि काडेपेटी शोधून आणली. काकूने ती माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

मग उठली, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, खोलीतल्या दिव्याचं बटण बंद करून ठेवलं आणि परत येऊन त्यांच्यासमोर बसली.