समुपदेशकांच्या बैठका कशासाठी?

'एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी काही करायचंय, तर थेट मुलांना भेटा. समुपदेशकांच्या बैठका कशाला घेता?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मी समाजसेवा अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. आता ठाणे-नवी मुंबईत अशा मुलांसोबत काम करणाऱ्या काही समुपदेशकांसोबत दर महिन्याला बसते.

औषधांचं म्हणाल, तर 2004पासून सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रांत, ती मोफत मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. पण सोळाव्या वर्षी ती गोळी भलत्याच कारणांनी चुकते. जन्मापासून लागण असलेल्या मुलाला घरी 'छातीचं औषध आहे' असं सांगितलेलं असतं. आई विनवते, 'दहावी होऊ द्या मॅडम, मग सांगा.' आणि तोच मुलगा समोर बसून विचारतो, 'टीबीच्या गोळ्या पण संपतात, माझ्या कधी संपणार?' त्या क्षणी काय बोलायचं, हे कुठल्याही प्रशिक्षणात पूर्ण शिकवता येत नाही. दिघ्याचा एखादा मुलगा ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून जवळचं केंद्र सोडून ट्रान्स-हार्बर लोकलने लांब जातो. हॉस्टेलवर बाटली खुळखुळते म्हणून गोळ्या न घेणारी एक मुलगी होती. बाटलीत कापूस भरायचा उपाय तिच्या समुपदेशकाला आमच्याच बैठकीत कळला.

काही अपवाद सोडले, तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची लागण कुणाला सांगता येत नाही. 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातच तसं आहे आणि ते योग्यच आहे. पण म्हणून समुपदेशकाला दिवसभर ऐकलेलं घरी नवऱ्याजवळही बोलता येत नाही. एखादं पोर औषध सोडून गेलं, की ते मनात घेऊनच लोकल पकडायची. बैठकीत नावगाव वगळून ते बोलता येतं. कुणी रडतं, कुणी रागावतं.

त्यात नोकरी कंत्राटी. समुपदेशक सोडून गेली, की मुलाला सगळी कहाणी नव्या माणसापुढे पहिल्यापासून मांडावी लागते. काही मुलं मग येतच नाहीत. माझ्या मते मुलं टिकवायची, तर आधी ही माणसं टिकली पाहिजेत. त्यांना बोलायला दार लागणारी खोली हवी, आणि ही बैठक ड्युटीच्या वेळेत हवी. सुट्टीचा रविवार मोडून नको.

तुम्ही मानसोपचाराच्या क्षेत्रात असाल, तर महिन्यातले दोन तास या समुपदेशकांसाठी द्या. मुलांची नावं मात्र विचारू नका.