आतून कडी

आजींचं वय ८१. काही महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या होत्या. हाड कुठलंच मोडलं नव्हतं, पण घरच्यांनी असा धसका घेतला की तेव्हापासून त्यांना पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उठून घेऊ दिला नाही. मुलगा मला हे कौतुकाने सांगत होता. "आईला आम्ही काही म्हणजे काही करू देत नाही. सगळं हातात देतो."

फिजिओथेरपीच्या विभागात हे वाक्य मी सतत ऐकते. असं म्हणणारी मुलं वाईट नसतात, घाबरलेली असतात. त्यामुळे त्यांच्यावर चिडून उपयोग नसतो.

आधी बीपी पाहिलं. आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर पडण्याचं कारण नुसतं पायांत शोधून चालत नाही. आजींचा उतरला नाही. झोपेची गोळीही चालू नव्हती (फाइल उघडली की मी पहिल्यांदा तीच शोधते). मग खुर्ची.

हात छातीवर आडवे घ्यायचे आणि ३० सेकंदांत खुर्चीतून जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहायचं, एवढीच ही चाचणी. ८० ते ८४ वयाच्या बाईला निदान ९ वेळा जमावं. हातांचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य. आजी पुढे झुकल्या मात्र, मुलाचा हात त्यांच्या काखेत गेलासुद्धा. आपण हात घातला हे त्याचं त्यालाच कळलं नव्हतं. त्याला पलीकडच्या भिंतीजवळ उभं केलं आणि पुन्हा सुरुवात केली. शून्य.

बसवून ठेवण्याची किंमत मांडीचे स्नायू मोजतात, आणि फार लवकर मोजतात. २००७ सालच्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षांची धडधाकट माणसं १० दिवस अंथरुणावर ठेवली होती. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं, चरबी सोडून, सरासरी जवळपास एक किलो वजन गेलं. आजी तर कित्येक महिने नुसत्या बसून होत्या.

"तुम्हाला काय जमायला हवंय?" मी विचारलं.

"पुन्हा पडायला नको, बस," मुलगा म्हणाला.

"मी आजींना विचारतेय."

आजींनी पदर सारखा केला. "आंघोळीला जाताना आतून कडी लावायचीय मला."

त्या पडल्यावर घरच्यांनी बाथरूमची कडीच काढून टाकली होती. दार नुसतं लोटलेलं, बाहेर कुणीतरी उभं आणि दर दोन मिनिटांनी हाक, बरं आहे ना म्हणून. "जन्मभर दार लावून आंघोळ केली," आजी म्हणाल्या, "आता पहाऱ्यात करते."

"आई, हे तू कधी बोलली नाहीस."

"बोलले होते. तुझं ड्रिल चालू होतं."

ड्रिल धरायचा दांडा बसवण्यासाठी होतं. दांडा हवाच, त्याबद्दल मी मुलाला शाबासकी दिली.

मग व्यायाम कडीच्या हिशेबाने आखले. डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटतात आणि तोल सगळा तळपायांवर आणि आतल्या कानावर येतो. म्हणून टेबलाशी उभं राहून, जवळ माणूस ठेवून, आधी डोळे उघडे आणि नंतर मिटून. उंबरा ओलांडणं. जागच्या जागी वळणं. खुर्चीवर जाड उशी ठेवून उठबस, उठताना झटकन आणि बसताना सावकाश, कारण वयाबरोबर झटकन जोर लावण्याची क्षमता नुसत्या ताकदीपेक्षा आधी जाते. तोल आणि ताकदीचं हे काम पासष्टीनंतर आठवड्यातून किमान ३ दिवस करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

"या वयात झेपेल?" मुलाने विचारलं. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून ८ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास १९९० सालचा आहे, तरी म्हाताऱ्यांना आपण अजून हात वर-खाली करायला लावून घरी पाठवतो. मला याचा राग येतो.

मुलालाही काम दिलं: हात पोहोचेल इतकं जवळ उभं राहायचं, पण लावायचा नाही. त्याला हे आजींच्या व्यायामापेक्षा जड गेलं. शेवटी तो हात खिशात घालून उभा राहायला लागला.

पुढच्या तपासणीत आजी हात न टेकता ७ वेळा उठल्या. अजून कमीच. पण डोळे मिटून स्थिर उभ्या राहत होत्या, आंघोळीला बसायला स्टूल आलं होतं, आणि कडीची बोलणी माझ्यासमोरच झाली. मुलाचं म्हणणं, बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॉक बसवू. आजी तयार झाल्या, मात्र हाक एकदाच मारायची आणि ओ आली की दारापासून निघून जायचं, या अटीवर. त्याने दोन हाका मागितल्या. आजींनी दिल्या नाहीत.

वॉकर बाहेर जाताना अजून लागतो. आता खुर्चीवरची उशी काढायची आहे.