डबा रुळावर बसवताना

मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये मॉडेल रेल्वेला कायमची जागा कोण देणार? रविवारी पलंगाखालून फळी निघते, रूळ जोडले जातात आणि जेवणाची पानं मांडायच्या आत सगळं परत आत जातं. त्यामुळे इथल्या शौकिनाचा निम्मा वेळ डबे रुळांवर चढवण्यातच जातो. बारा डब्यांची लोकल म्हणजे २४ ट्रॉल्या (डब्याखालचे चार-चार चाकांचे गाडे), ९६ चाकं.

एचओ मापात (खऱ्या गाडीच्या १:८७) दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, त्याहून लहान एन मापात जेमतेम ९. (खरी लोकल १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर धावते, १:८७ने त्याचे १९.३ व्हायला हवेत, पण बाजारात रूळ मिळतात ते १६.५चेच. लोकलकडे समोरून फार निरखून पाहू नये.) नाजूक घडणीच्या चाकांची आतली कड मिलिमीटरभरही खोल नसते. ती रुळाच्या आत उतरली की डबा बसला.

चूक होते ती दोन्ही ट्रॉल्या एकदम टेकवण्यात. आधी वीज बंद करावी. धातूची चाकं तिरकी पडली की शॉर्ट होतो. मग सरळ रूळ निवडावा, वळण नको, सांधा तर नकोच. एक ट्रॉली टेकवून डबा अगदी थोडा मागेपुढे हलवावा, ट्रॉली आपसूक सरळ होते. मग दुसरी. दाबू मात्र नये. शेवटी एका बोटाने डबा वीतभर ढकलावा. नीट बसलेला डबा सरळ, न डुलता जातो. चुकलेला स्लीपरांवर खडखडतो. इथे डोळ्यांपेक्षा बोट आणि कान जास्त खरे.

याहून सोपा उपाय म्हणजे प्लास्टिकचा उतार. तो रुळांवर ठेवायचा, वरून डबा सोडायचा. उताराच्या कडा खाली येता येता चाकांना रुळांच्या रेषेत आणतात. काही जाणकार याला नवशिक्यांचं खेळणं समजतात. तो फुकटचा ताठा आहे. एलएचबी डबा (लांब पल्ल्याच्या गाड्यांचा नव्या घडणीचा डबा) एचओत २७ सेंटिमीटर भरतो. तो हाताने बसवताना पायऱ्या तुटण्याचीच भीती जास्त. दर वेळी उचलायच्या मांडणीत तर लेव्हल क्रॉसिंगच्या रूपात येणारा तसला तुकडा कायमचा जोडून ठेवावा. फाटकाचं फाटक, शिवाय घसरलेलं चाकही त्यावरून जाताना बऱ्याचदा परत रुळावर येतं.

उतारावरूनही तोच डबा पुन्हापुन्हा घसरत असेल, तर दोष डब्यात. ट्रॉलीचा स्क्रू फार आवळलेला असतो. एक ट्रॉली नुसती फिरेल आणि दुसरी किंचित डुलेलही, इतपत सैल ठेवावा. एका आसावरच्या दोन चाकांमधलं अंतर गेजने तपासावं. पावसाळ्यात फळी फुगते, रुळांचे जोड वरखाली होतात. नखाने चाचपले की कळतं.

उरलं वजन. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याला २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण साडेपाच ग्रॅम. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या वाघिणीला ११० ग्रॅमच्या आसपास, एलएचबीला १८०. कमी भरलं तर आत नट चिकटवावेत, तेही तळाशी, दोन्ही टोकांना सारखे. शिसं वापरलं तर हात धुऊन मगच चहाला बसावं.